हुसेनभाईंच्या घोड्याचा पांढरा पाय

प्रिय मुकुंद आणि चित्रा,

तुमचं पाकीट काल मिळालं. मुकुंदाने रविवारी तुमच्या शहरात पायी भटकून काढलेले जुन्या इमारतींचे अकरा रंगीत फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिले. रंग सुंदर आहेत. पण त्या घड्याळाच्या मनोऱ्याला काय झालंय? कोणी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा तो मागे कलंडला आहे. समोर उंच काही दिसलं की माणूस कॅमेऱ्याचं तोंड वर करतो, आणि तोंड वर केलं की इमारत मागे पडते. असा फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवला नसता.

मुकुंदा, पत्रात तू लिहिलं आहेस, "आजी, इमारतींचे फोटो काढणं सोपं, कारण त्या हलत नाहीत." हे वाक्य वाचल्यापासून मला चैन पडेना. त्यातच इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी जुन्या धंद्याबद्दल काहीतरी लिहून द्या म्हणून महिनाभर तगादा लावला आहे. तेव्हा हे तुमच्यासाठीच लिहिते, छापतील ते. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक एका न हललेल्या घराचीच होती.

तीसच्या सुमाराला सोलापुरात तुमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांना माणसं आवडत. पगडीवाले व्यापारी, नवी जोडपी, बारशाची बाळं, सगळ्यांशी गप्पा मारत ते फोटो काढत. इमारतीपुढे उभे राहिले की मात्र त्यांना जांभया येत. मला सरळ रेघा आवडत. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी बरं होतं, म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून त्यांना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. सांगता सांगता मीच शिकले. बाईमाणसाने रस्त्यात उभं राहून काम करायचं म्हणजे चर्चा व्हायचीच. पण सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "घरांकडेच बघायचं ना? घरं उलटून बघत नाहीत, तेवढं बरं."

तर तुझ्या खिशात मावतो तो कॅमेरा डोळ्यांपुढून काढून टाक. आमचा कॅमेरा म्हणजे भाता असलेली लाकडी पेटी, तीन पायांचा स्टँड आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड. मागच्या घासलेल्या काचेवर समोरचं घर उमटायचं, तेही खाली डोकं वर पाय आणि डावं ते उजवं. उंच इमारतीसाठी पेटी सरळच ठेवायची आणि पुढची भिंग बसवलेली फळी तेवढी वर सरकवायची, म्हणजे मनोरा आपल्या पायांवर उभा राहतो. मी बरोबर गवंड्याचा ओळंबा ठेवत असे. घराचा कोपरा दोऱ्याशी जुळला नाही तर दोष कॅमेऱ्याचा की गवंड्याचा, ते लगेच कळायचं. निम्म्या वेळा गवंड्याचा निघे.

फिल्म नव्हती, काचेच्या प्लेटा होत्या. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत त्या एकेक करून चपट्या लाकडी स्लाइडमध्ये भरायच्या आणि मग बाहेर पडायचं. काचेच्या एका बाजूला मसाला असतो. तो भिंगाकडे तोंड करून बसला पाहिजे. अंधारात बाजू ओळखायची कशी? कोपरा ओठाला लावायचा. मसाल्याची बाजू जरा चिकटते, काचेची गुळगुळीत लागते. बोटांना ते नीट कळत नाही, ओठ कधी चुकत नाही. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका कापडव्यापाऱ्याला नव्या तीन मजली घराचा फोटो हवा होता, पण शेजारचं पत्र्याचं घर त्यात नको. मी म्हटलं, ते जमेल. मग म्हणाला, प्रत्येक खिडकीत घरातलं एकेक माणूस हवं. सात खिडक्या, सात माणसं. चार सेकंद कोणी हलायचं नाही, असं मी तीन वेळा बजावलं. मधल्या खिडकीत त्याची म्हातारी आत्या होती. तिसऱ्या सेकंदाला खाली भाजीवाली ओरडली आणि आत्याबाईंनी वाकून भाव विचारला. फोटोत आत्याबाईंना दोन डोकी आली. व्यापारी चिडला, पण आत्याबाईंना तो फोटो इतका आवडला की तो त्यांनी देवघराबाहेर लावला.

माझा टांगेवाला ठरलेला, हुसेनभाई. उंच, वाळका, सुपारी चघळणारा माणूस. कॅमेऱ्याची पेटी तो स्वतः उचलायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. त्याचा घोडा नवाब, तांबडा, म्हातारा आणि अतिशय शांत. टांगा थांबला की नवाब डोळे मिटायचा. एवढा निश्चल प्राणी मी पुन्हा पाहिला नाही. फोटोत घराची उंची कळावी म्हणून बाजूला काहीतरी ठेवावं लागतं. मी नवाबला ठेवत असे. दोन सेकंदांत कानसुद्धा हलवायचा नाही. हुसेनभाई म्हणायचा, "बाई, मेरा नवाब आपके गिऱ्हाइकांसे लई शहाणा है." आत्याबाईंनंतर मला ते मान्यच करावं लागलं.

एका वर्षी पावसाने फार नासधूस केली. आपल्याकडची जुनी घरं पांढऱ्या मातीच्या भिंतींची, वर मातीचं सपाट माळवद. पाणी मुरलं की भिंती फुगतात. धोक्याची घरं कोणती, ते ठरवायला शहरात एक समिती नेमली गेली. निर्णय घेणारे साहेब परगावी बसत. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक घराचा समोरून फोटो पाठवा. काम आमच्या स्टुडिओला मिळालं, म्हणजे मला. थंडीचे दिवस होते, ऊन स्वच्छ होतं. रोज सकाळी सहा प्लेटा भरून मी टांग्यात बसायची आणि पेठांतून हिंडायची. गिरणीचा भोंगा झाला की निघायचं, ऊन डोक्यावर आलं की परत. वहीत घराचा क्रमांक, उन्हाची दिशा, किती सेकंद उघडलं, सगळं लिहायचं. इतकी शिस्त होती म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एक जोडघर होतं. दोन भावांनी एकाच छपराखाली बांधलेलं, मधे एकच भिंत. डावीकडे जसं दार तसंच उजवीकडे, जशी खिडकी तशीच खिडकी. वळचणीखाली दोन कोरीव लाकडी पोपट एकमेकांकडे चोच करून बसलेले. दोन्ही घरांचा क्रमांक एकच आणि तोही कागदावर, दारावर काही नाही. डाव्या अर्ध्यात नरसम्मा राहायची. नवरा गेलेला, घरात चार हातमाग, त्यांवर ती, दोन सुना आणि एक मुलगा काम करत. उजव्या अर्ध्यात तिचा चुलत दीर व्यंकय्या, त्याची बायको आणि सहा मुलं. त्या उजव्या भिंतीला छपरापासून खिडकीपर्यंत रुंद तडा गेला होता.

मी गेले तो दिवस संकष्टी चतुर्थीचा होता. इथे माझ्या शिस्तीचीच एक गोष्ट सांगायला हवी. ते इंग्रजी पुस्तक मी घरात मोठ्याने वाचत असे. प्लेटेचा मसाला ज्या सरसाने चिकटवतात तो जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढतात, हे वाक्यही मी प्रामाणिकपणे मराठीत सांगितलं. सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. त्यांनी वात खाली ठेवली. म्हणाल्या, "इतर दिवशी काय करतेस ते मला सांगू नकोस. चतुर्थीला मात्र ते ओठाला लागता कामा नये." तेव्हापासून महिन्यातून एक दिवस मी बोटांवर भागवत होते.

त्या सकाळी बोटं थंडीने बधिर झाली होती. सहांपैकी एक प्लेट उलटी बसली आणि मला कळलं नाही.

जोडघरापुढे मी स्टँड लावला, नवाबला कडेला उभा केला. नरसम्मा दारात आली. हातातला पितळी गडू पुढे करून म्हणाली, "अम्मा, उन्हाचं आलाव. आत या, पाणी तर घ्या." मी म्हटलं, आज माझा उपवास आहे. खरं सांगायचं तर संकष्टीला पाणी चालतं. मला घाई होती, ऊन भिंतीवरून सरकत होतं. आणि आणखीही एक खरं सांगते. त्या काळी आमच्यासारख्यांना कुठेही पाणी प्यायची सवय नव्हती, आणि उपवासाचं निमित्त बरं पडायचं. ती गडू घेऊन आत गेली. मी भिंगाचं झाकण काढलं, एक, दोन मोजलं, झाकण लावलं.

भिंगाकडे मसाल्याऐवजी काच असली की फोटो येतो, पण आरशातल्यासारखा. डावं ते उजवं होतं. शिवाय थोडा धूसर येतो. तो धूसरपणा मला दिसला होता. वहीत मी लिहिलंही, "किंचित मऊ, वारा असावा." उलटेपणा कसा दिसला नाही म्हणाल, तर एक तर त्या घराच्या दोन्ही बाजू सारख्या. पाटी नाही, अक्षर नाही. आणि दुसरं म्हणजे दिवसभर काळ्या कापडाखाली मी जग उलटंच पाहायची. त्यामुळे उलटा फोटो मला ओळखीचाच वाटला.

फोटो परगावी गेला. दीड महिन्याने उत्तर आलं. साहेबांनी फोटोवरच तांबड्या पेन्सिलीने खूण केली होती: तडा गेलेला अर्धा भाग, म्हणजे डावा, पाडावा. शुक्रवारी सकाळी माणसं येतील अशी नोटीस नरसम्माला मिळाली. मधल्या काळात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली होती आणि जत्रेआधी सगळी पेठ करते तशी दोन्ही घरांना सफेदी झाली होती. व्यंकय्याने तडा चुन्याने भरून घेतला होता. आता समोरून दोन्ही भिंती सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या.

मंगळवारी नरसम्मा नोटीस घेऊन स्टुडिओत आली. मराठी वाचता येत नव्हतं, पण कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

"अम्मा, तडा त्यांच्या अंगाला हाय. माझ्या भिंतीला काय बी न्हाई की. माझे चार माग कुटं नेऊ?"

मी वही काढली, फोटोची प्रत काढली, तिच्यापुढे ठेवली आणि तडा बोट लावून दाखवला. म्हटलं, "नरसम्मा, कॅमेरा खोटं बोलत नाही." तिने फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मग माझं घर खोटं बोलतंय व्हय?" एवढंच म्हणाली आणि पदर सावरून गेली. आजोबा आतून बाहेर आले, माझ्याकडे बघून पुन्हा आत गेले. मला राग आला होता. माझ्या कामावर कोणी बोट ठेवलेलं मला खपत नसे.

गुरुवारी दिवस कलता कलता हुसेनभाई आठवड्याचा हिशोब न्यायला आला. नवाबचा एक फोटो द्या, असं तो वर्षभर मागे लागला होता. टेबलावर जोडघराची जादा प्रत पडलेलीच होती. त्यात नवाब कडेला छान उभा होता. ती मी त्याला दिली. त्याने ती दाराशी उजेडात नेली, लांब धरली, जवळ धरली आणि हिरमुसून परत आणली.

"बाई, ये मेरा नवाब नै."

"असं कसं? तुमचाच टांगा आहे."

"टांगा होगा. घोडा दुसरा है. इसका सफेद पाँव उजवा है. नवाबका डावा. पुढचा डावा. बीस साल धोया मैं वो पाँव."

मला आधी हसू आलं. मग हसू तोंडातच राहिलं. मी प्लेट काढली, खिडकीशी धरली, वही उघडली. तारखेपुढे माझ्याच अक्षरात "संकष्टी" लिहिलेलं होतं.

आजोबांना सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माणसांच्या फोटोत हा घोटाळा टिकत नाही. गालावरचा तीळ इकडचा तिकडे गेला की गिऱ्हाईक लगेच भांडायला येतं. घर बिचारं कुठून येणार?"

"आली होती ना," मी म्हटलं. "मीच घालवून दिली."

समितीची कचेरी तोवर त्या दिवसापुरती बंद झाली होती. परगावच्या साहेबांना पत्र लिहिलं असतं तर ते शनिवारी पोचलं असतं. शुक्रवारी उजाडताच मी प्लेट पालटून नीट छापलेली नवी प्रत घेतली, कॅमेरा घेतला नाही, आणि हुसेनभाईला सांगितलं की आज नवाबला खरारा करून आणा, पाय स्वच्छ धुवा.

आम्ही पोचलो तेव्हा कुदळी घेतलेली माणसं उभी होती. नरसम्मा ओट्यावर बसली होती आणि तिची सून मागाचं सामान बाहेर आणून तिथेच ठेवत होती. पाडकामावरच्या ओव्हरसियर साहेबांच्या हातात माझा तांबड्या खुणेचा फोटो होता. मी त्यांना नवी प्रत दाखवून सगळं सांगितलं. प्लेट उलटी कशी बसते, ते दोनदा समजावलं. त्यांना काडीचंही कळलं नाही. म्हणाले, "बाई, वरून सही झालेला कागद आहे. तुमच्या तोंडी शब्दावर मी भिंत बदलू?"

"माझ्या शब्दावर नको," मी म्हटलं. "घोड्यावर विश्वास ठेवा."

हुसेनभाईने टांगा फोटोत होता तिथे नेऊन उभा केला. नवाबने डोळे मिटले. ओव्हरसियरांनी फोटो धरला, घोड्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. पांढरा पाय इकडे उजवा, तिकडे डावा. तोवर गर्दी जमली होती. कोणीतरी म्हणालं, साहेबांनी घोड्याची जबानी घेतली, आता अंगठा कुठं उठवायचा? लोक हसले. ओव्हरसियर हसले नाहीत. "घोडा दुसरा आणला नाही कशावरून?" म्हणाले. त्यावर हुसेनभाईचा चेहरा असा झाला की मला त्याच्यापुढे जाऊन उभं राहावं लागलं.

व्यंकय्या आपल्या दारात उभा होता. इतका वेळ त्याने मान वर केली नव्हती. सहा मुलं त्याच्या मागे ओळीने उभी होती, धाकटं कडेवर. तो हळूच खाली उतरला, एका माणसाच्या हातातली कुदळ घेतली आणि आपल्या भिंतीवर खिडकीच्या वर कुदळीच्या मागच्या बाजूने दोन ठोके दिले. चुन्याचा पापुद्रा सुटला. आत हात जाईल एवढा तडा होता.

"घोडं खरं सांगतंय, साहेब," तो म्हणाला.

नरसम्मा ओट्यावरून उठली. मला वाटलं आता ती त्याला धुऊन काढणार, आणि तसा तिला हक्कही होता. ती तेलुगूत त्याच्या बायकोला काहीतरी म्हणाली. दोघींनी ओट्यावरचं सामान पुन्हा आत न्यायला सुरुवात केली. मग व्यंकय्याच्या घरातली भांडीही त्याच दाराने आत जाऊ लागली. हुसेनभाईने मला समजावून सांगितलं. त्या पेठेत टांगा हाकून त्याला तेलुगू येत असे. नरसम्मा म्हणाली होती, दोन माग एकमेकांजवळ सरकवू, भिंत नवी होईतो पोरं इकडे झोपतील. पण तुझ्या नवऱ्याला सांग, दोन महिने माझ्याशी बोलायचं न्हाई.

मी तिच्याजवळ गेले. माफी मागायची वाक्यं मी टांग्यात बसून तयार केली होती, चांगली सुबक होती. एकही आठवलं नाही. म्हटलं, "नरसम्मा, चुकलं माझं."

ती म्हणाली, "अम्मा, त्या दिशी आत आला असता की, तर दिसलं असतं. आतून माझी भिंत बघितली असती. तुमी रस्त्यातनंच बघितलं."

मग तिने सुनेला हाक मारली. तोच पितळी गडू आला. मी ओट्यावर बसून सगळं पाणी प्यायले. पाण्याला चुन्याचा वास येत होता, हवेतच धुरळा होता.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, पाण्यासकट. त्यांनी पाण्याबद्दल काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चतुर्थीच्या प्लेटा तृतीयेला भरून ठेवत जा. एवढी इंग्रजी शिकलीस आणि हे सुचलं नाही?" खरंच सुचलं नव्हतं. पुढे वीस वर्षं मी तसंच केलं. समितीला मी लेखी कळवलं आणि बाकीची सगळी घरं पुन्हा जाऊन पाहिली. दुसरी चूक निघाली नाही. पण वहीत एक नवा रकाना आखला: "पाणी". घराच्या आत जाऊन पाणी प्यायल्याशिवाय प्लेट उघडायची नाही. त्यामुळे रोजची दोन घरं कमी होऊ लागली. आजोबा कुरकुर करत, पण त्या रकान्याला हात लावत नसत.

मुकुंदा, या पाकिटात जोडघराचे दोन्ही फोटो ठेवले आहेत, खरा आणि उलटा. मागे काही लिहिलेलं नाही. कोणता खरा ते चित्राने आणि तू ओळखून कळवा. नवाबचा पुढचा डावा पाय पांढरा होता, एवढं सांगते. आणि त्या घड्याळाच्या मनोऱ्यात वर कोणी राहतं का, किल्ली कोण देतं, ते मला लिही. त्या माणसाकडे जाऊन ये आधी. मग मनोरा पुन्हा काढ, सरळ उभा.

तुमची आजी